दहा पावलांपुरतं सॅटिन

अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला कापडाच्या दुकानांची एक रांग आहे. त्यातल्या तिसऱ्या दुकानाचे शेठजी क्लॅरिसला येताना पाहिलं की हात जोडायचे. आदराने नव्हे, शरणागती म्हणून. गिऱ्हाईक कापड बघतं, भाव विचारतं, नाक मुरडतं आणि घेऊन जातं. क्लॅरिसचं तसं नव्हतं. ती सॅटिनचं टोक मुठीत घेऊन चुरगाळायची, डोळे मिटून 'नमो मरिया'ची एक अख्खी प्रार्थना पुटपुटायची, मग मूठ उघडून सुरकुत्या किती राहिल्या ते बघायची. तेवढ्याने भागायचं नाही. मग हातभर कापड उंच धरून सोडून द्यायची आणि ते काउंटरवर पडताना कान लावायची. आंबोली गावठाणापासून मरोळपर्यंतच्या निम्म्या नवरीमुलींचे गाऊन तिच्या मशीनखालून गेलेले, त्यामुळे शेठजींना बोलायची सोय नव्हती.

शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट. त्या दिवशीही तिची नमो मरिया अर्ध्यावर आली होती.

"एकशे अडतीस," शेजारून कुणीतरी म्हणालं.

क्लॅरिसने एक डोळा उघडला. "काय?"

"ग्रॅम. चौरस मीटरला एकशे अडतीस ग्रॅम. तुम्ही मघापासून त्याला पिळताय... म्हटलं, बिचाऱ्याच्या वतीने आपणच कबूल करून टाकावं."

तिने दुसराही डोळा उघडला. उंच, सावळा माणूस. शर्टाच्या खिशात एक छोटी कात्री, आणि चेहऱ्यावर असं हसू की रागवायचं ठरवलं तरी जरा वेळ लागावा.

"कापड तोलून घेता वाटतं तुम्ही? वांगी आहेत का ती?"

"वांगी मी दाबून बघतो. कापड तोलतो. तुमचं सगळंच उलटं दिसतंय."

शेठजी खोकल्यासारखं करून हसले. क्लॅरिसला हसायचं नव्हतं, पण ओठ कुठे ऐकतात... माणसाचं नाव बेनेडिक्ट. साकीनाक्याच्या एका सिल्क मिलच्या तपासणी खात्यात तो कामाला होता. मागावरून उतरलेल्या प्रत्येक ताग्याचा गोल तुकडा कापायचा, नाजूक काट्यावर ठेवायचा आणि वजन लिहून घ्यायचं, हे त्याचं काम.

"काटा सांगतो कापड किती जड ते," क्लॅरिस म्हणाली. "पण बाईच्या अंगावर ते कसं पडेल? कुठे चिकटेल, कुठे फुगेल, बसून उठल्यावर मागून कसं दिसेल? ते सांगतो का तुमचा काटा?"

"नाही," तो सरळ म्हणाला. "म्हणून तर सकाळपासून चार दुकानं फिरतोय. माझ्या बहिणीचं लग्न आहे, मेच्या तीन तारखेला. तिच्यासाठी गाऊन शिवायचाय... आणि मला अशी कुणीतरी पाहिजे जिला हे दोन्ही कळतं."

तो 'पाहिजे' म्हणाला आणि थांबला. क्लॅरिसने सॅटिनची घडी घातली, ती चुकली, परत घातली. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात तिची घडी पहिल्यांदा चुकली होती.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिसा आटोपून भाऊ-बहीण दोघं आंबोलीत आली. क्लॅरिसचं घर जुनं, पुढे लांब पडवी. पडवीत मशीन, आणि मशीनच्या पलीकडे खुर्ची टाकून पप्पा. पप्पांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे गिऱ्हाइकांची गुपितं तिथे सुरक्षित असायची.

बेनेडिक्टची बहीण मार्सेलिना फाटकातून आली आणि क्लॅरिसला त्या लग्नाची खरी मेख कळली. लहानपणी पोलिओ झालेला. डाव्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. दर पावलाला खांदा जरा झुकायचा, पट्टी बारीक वाजायची. चेहरा मात्र असा प्रसन्न की दोन मिनिटांत आपण पायाकडे बघायचं विसरतो.

"बघ हं क्लॅरिस," माप देताना ती म्हणाली, "डॅडी नाहीत, म्हणून चर्चमध्ये बेनी माझा हात धरून नेणार. पण सगळ्यात पुढच्या दोन बाकांपासून अल्तारच्या पायरीपर्यंत दहा पावलं आहेत. मी मोजलीत. ती दहा पावलं मी एकटी चालणार. कुणाचा हात नको, काठी नको. नवऱ्यामुलाला, झेवियरला, सांगून ठेवलंय, पुढे यायचं नाही. तू आहेस तिथेच उभं राहायचं."

"आणि नाही जमलं तर?" बेनेडिक्टने विचारलं.

"तर पडेन. माझ्याच लग्नात मी पडेन, तुझ्या बापाचं काय जातं?"

"माझा बाप तोच तुझा बाप गं," तो म्हणाला, आणि तिघंही हसली. पण हसताना त्याची नजर बहिणीच्या बुटावर गेलेली क्लॅरिसने पाहिली.

मार्सेलिना पप्पांशी मोठ्याने गप्पा मारायला बसली, तेव्हा त्याने पिशवीतून कापड काढलं. त्यांच्याच मिलचं सॅटिन. मोतिया पांढरं, जाड, दाट. हातात घेताच क्लॅरिसचा श्वास थांबला. असं कापड शिवायला मिळावं, अशी तिने आजवर फक्त इच्छा केली होती.

"दोनशे चाळीस ग्रॅम," तो हळूच म्हणाला. "आमच्याकडचं सगळ्यात भारी. हलकं सॅटिन मी बघितलं... ते पायाला चिकटतं. कॅलिपरची पट्टी न् पट्टी दिसेल, चालीतला प्रत्येक हेलकावा दिसेल. हे कसं सरळ खाली पडतं बघ. आत काय आहे कुणाला कळणार नाही. चर्चमध्ये सगळ्यांचे डोळे नवरीवर असतात गं... तिच्या पायावर नकोत कुणाचे. लहानपणापासून तेच बघत आलोय."

क्लॅरिसने मूठ आवळली, सोडली. कापड खाली पडलं, आणि पडताना त्याचा आवाज आला. तिच्या हाताला त्याच क्षणी कळलं. हलक्या सॅटिनचे दोष त्याने बरोबर सांगितले होते, पण जड सॅटिनचा दोष सांगितला नव्हता. ते सगळं वजन कमरेवरून लोंबतं, पाऊल टाकलं की घेर मागे राहतो आणि पुढच्या पावलाला ओढतो. धडधाकट मुलगी गुडघ्याने घेर ढकलत चालते. मार्सेलिनाचा डावा गुडघा वाकतच नव्हता.

तिने बोलायला तोंड उघडलं.

"सांग ना," तो म्हणाला. "चालेल ना हे? तुझ्या हातावर माझा माझ्या काट्यापेक्षा जास्त भरवसा आहे."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं दोघांनाही कळलं नव्हतं. पहिल्यांदा कुणीतरी तिच्या हाताबद्दल असं बोललं होतं, आणि बोलताना अशा डोळ्यांनी बघितलं होतं. त्या डोळ्यांना नाही म्हणायचं म्हणजे...

"चालेल," क्लॅरिस म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, एवढी हुशार मुलगी, आणि एका 'तू'वर पाघळली? पाघळली खरी. प्रेमात पडलेल्या माणसाची अक्कल गहाण पडते, आणि पडल्याचं त्याला सगळ्यात शेवटी कळतं.

मग दर शनिवारी बेनेडिक्टच्या चकरा सुरू झाल्या. कधी सॅटिनशी रंग जुळणारा रेशमी दोरा, कधी मोत्यांची बटणं, कधी काहीच नाही, नुसतं 'इकडून चाललो होतो'. साकीनाक्याहून मरोळला घरी जाणारा माणूस स्टेशन ओलांडून आंबोलीवरून कसा जातो, हा प्रश्न पप्पांनाही पडला होता.

एका शनिवारी त्याने मिलमधून कापडाचे सात गोल तुकडे आणले.

"डोळे मीट. हातात देतो, वजन सांग."

"आणि चुकले तर?"

"तर तू बटाटेवडे खिलव. बरोबर आलं तर मी."

तिने डोळे मिटले. पहिला तुकडा तळहातावर आला. "नव्वद. अस्तराचं." दुसरा. "एकशे चाळीस..." तिसरा तुकडा आला, पण तो ठेवणारी बोटं लगेच उचलली गेली नाहीत. एक क्षण, दोन क्षण...

"हे... हे किती?" त्याने विचारलं. आवाज जरा बसला होता.

"कापडाचं विचारतोस की हाताचं?"

"कापडाचं... सध्या."

"हात काढलास तर सांगते."

हात निघाला. तिने सांगितलेला आकडा साफ चुकला. बटाटेवडे तिनेच खिलवले, आणि इतकी खूश होऊन की वडेवालासुद्धा बघत राहिला.

हातशिलाईला शेजारची वनमालाबाई यायची. मूळची मालवणची, तोंडाने फटकळ, हाताने सोनं. ती चष्म्यावरून बघत म्हणाली, "काय गो बाय, गाऊन शिवतंस की सपान?"

"गाऊन, काकी."

"मग सुई उलटी कित्याक धरलंस?"

मार्चमध्ये मांजरपाटाची ट्रायल झाली. महाग कापडाला कात्री लावण्याआधी क्लॅरिस नेहमी साध्या मांजरपाटाचा अख्खा गाऊन कच्च्या टाक्यांनी शिवायची. फिटिंग त्याच्यावर बघायचं, मग खरं कापड कापायचं. मार्सेलिना तो घालून आतल्या खोलीत चालली. एक, दोन, तीन... दहा पावलं. भिंतीला हात न लावता. वळली आणि टाळी वाजवली.

"झकास! क्लॅरिस, हे अंगावर आहे असं वाटतच नाही गं!"

वाटणार कसं? मांजरपाट ते. घेर कोरडा, हलका, पावलाबरोबर बाजूला सरणारा. क्लॅरिसच्या मनात पाल चुकचुकली, पण बाहेर पडवीत बेनेडिक्ट होता, त्याने दारातून विचारलं, "कसं आहे?" आणि मार्सेलिना ओरडली, "मस्त!" मग पाल गप्प बसली.

ईस्टर झाला. एप्रिलचा उकाडा सुरू झाला. लग्नाला दोन आठवडे उरले असताना सॅटिनचा गाऊन तयार झाला, आणि तो इतका देखणा झाला होता की वनमालाबाईने बोटं मोडून दृष्ट काढली. मार्सेलिनाने तो घातला. आरशात बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पायाचा मागमूस नाही. बेनेडिक्ट म्हणाला होता अगदी तसंच.

"चाल बघू," क्लॅरिस म्हणाली.

एक पाऊल. दोन. तिसऱ्याला घेर मागे राहिला आणि कॅलिपरच्या खिळीत अडकून पायाला ओढू लागला. चौथ्याला मार्सेलिनाचा खांदा नेहमीपेक्षा जास्त झुकला. पाचवं पाऊल पडलंच नाही. तिने झटकन हात लांब केला आणि कपाटाचं दार धरलं. कपाळावर घामाचे थेंब जमले होते.

वनमालाबाईच्या तोंडून निघून गेलं, "नाकापेक्षा मोती जड."

"अगं, होतं असं," मार्सेलिना हसली. "बेनीचा हात धरेन शेवटपर्यंत. सगळ्याच नवऱ्या धरतात. गाऊन किती सुंदर आहे... असू दे ना."

"नाही," क्लॅरिस म्हणाली. तिने मार्सेलिनाला खाली बसवलं, स्वतः तिच्या पायाशी बसली. "माझं चुकलं. कापड हातात घेतलं तेव्हाच मला माहीत होतं. तरी मी 'चालेल' म्हणाले. मांजरपाटावर तू चाललीस तेव्हाही कळत होतं की हे खरं नाही. तरी गप्प बसले."

"का गं?"

क्लॅरिसची नजर दाराकडे गेली. मार्सेलिनाने पडवीकडे पाहिलं. तिथे तिचा भाऊ पप्पांना मिलची काहीतरी गोष्ट ओरडून सांगत होता. तिने परत क्लॅरिसकडे पाहिलं आणि तिच्या गालावर हलकेच चापट मारली. "वेडी."

"तू सांग, तुला काय पाहिजे? झाकलेला पाय की दहा पावलं? दोन्ही पूर्ण नाही देता येणार मला. हलकं सॅटिन घेतलं तर चालशील, पण चालणं दिसेल."

मार्सेलिनाला विचार करायला वेळ लागला नाही. "झेवियरने मला चालताना बघूनच मागणी घातली. लपवायचं कुणापासून? मला चालायचंय, क्लॅरिस."

आता राहिला बेनेडिक्ट. क्लॅरिस पडवीत आली आणि तिने सगळं सांगून टाकलं, एका दमात, कारण थांबली असती तर पुढचं बोलवलं नसतं.

त्याचा चेहरा हळूहळू कडक होत गेला. "दोन-सव्वादोन किलोचा गाऊन. एवढ्याने काय होतं? मी हिशोब केला होता."

"दोन किलो साखर पिशवीतून आणणं वेगळं, आणि घोट्याला बांधून चालणं वेगळं. हे तुझ्या काट्यावर नाही येत."

"लोक बघतील तिच्याकडे. तुला नाही माहीत कसे बघतात! शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरं हसली होती तिला... मी पुढच्याच रांगेत होतो."

"तिला चालतंय. तुलाच चालत नाहीये, बेनी."

हे त्याला लागलं. लागणारच होतं. मग तो म्हणाला, "तुला पहिल्या दिवशी माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

पप्पा वर्तमानपत्र वाचत होते. मशीन बंद होती. वनमालाबाई आत कान टवकारून बसली असणार, यात शंका नाही. क्लॅरिसला वाटलं, आता खोटं बोललं तर आयुष्यभर बोलत राहावं लागेल.

"तू समोर होतास म्हणून," ती म्हणाली. "तू ज्या डोळ्यांनी बघितलंस... मला 'नाही' म्हणवलं नाही. मला तू आवडलास. एवढंच."

असं बोलणं मुलीने बोलायचं, त्यानंतर मुलाने काहीतरी गोड उत्तर द्यायचं असतं. बेनेडिक्टने दिलं नाही. तो उठला.

"म्हणजे माझ्या बहिणीच्या जिवाशी..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. "तुझ्या हातावर भरवसा ठेवला होता मी."

फाटक वाजलं. क्लॅरिस तिथेच उभी राहिली. तिला रडू आलं आणि ती रडली, मशीनच्या फळीवर डोकं ठेवून. पप्पांना ऐकू आलं नाही, पण दिसलं. ते उठून आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

रडायला दिवस मात्र फार नव्हते. दुसऱ्या दिवशी ती शेठजींच्या दुकानात गेली आणि एकशे अडतीसचंच सॅटिन घेऊन आली. त्याची परीक्षा त्या दिवशी अर्ध्यावरच राहिली होती, ती घरी पुरी केली. हलकं सॅटिन चिकटतं ही बेनेडिक्टची तक्रार खरी होती, तिचा बंदोबस्त करायला हवा होता. तिने आत कडक जाळीचा परकर घातला, डाव्या बाजूला दोन चुण्या जास्त. त्याच्या आत मऊ मलमल, म्हणजे लोखंडात जाळी अडकायला नको. खालच्या पट्टीत बोटभर बकरमचं कडक कापड, म्हणजे घेर पायांत न गुरफटता पुढे उभा राहील. लांबी बुटाच्या वर एक इंच. वजन तिने कुठेच वाढू दिलं नाही. कडकपणाने जे होत होतं ते वजनाकडून करून घ्यायचं नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

बेनेडिक्ट आला नाही. पहिल्या शनिवारी नाही, मधल्या दिवसांतही नाही. फाटक वाजलं की तिची मशीन थांबायची, आणि दूधवाला किंवा पोस्टमन निघायचा.

"येतलो गो," वनमालाबाई म्हणायची. "पोरगो बरो आसा. रागावलो आसा, वायट नाय."

"मला काय करायचंय, काकी?"

"तर तर! दोरो ववून झालो का बघ आदी. अर्धो तास सुई हातात घेवन बसलंस ती."

लग्नाच्या आदल्या दिवशी मार्सेलिना येऊन गाऊन घेऊन गेली. घालून चालून बघितलं, दहाच्या जागी वीस पावलं चालली. जाताना म्हणाली, "उद्या चर्चमध्ये डाव्या बाजूला बस. पुढून तिसऱ्या बाकावर. मला दिसशील अशी."

"बेनी काय म्हणाला?"

"बेनी पंधरा दिवस काहीच म्हणत नाहीये. संध्याकाळी माझ्या न्हाणासाठी उंबराचं पाणी आणायला जायचंय बॅंड घेऊन, तर तिथेही तोंड पाडून येईल बघ."

शनिवारी चार वाजता चर्च भरलं. आयाबायांची लाल लुगडी, गजऱ्यांचा वास, वर पंखे गरगरताहेत आणि खाली सगळे घामाघूम. क्लॅरिस तिसऱ्या बाकावर बसली. तिचे तळहात ओले झाले होते. तिच्या हाताचं खरं-खोटं आता सगळ्यांसमोर ठरणार होतं, आणि ज्या एका माणसासमोर ठरावं असं तिला वाटत होतं तो दारात बहिणीचा हात धरून उभा होता. निळा सूट. डोळे जमिनीवर.

ऑर्गन सुरू झाला. दोघं हळूहळू पुढे आली. गाऊन पावलाबरोबर झुलत होता, झुलताना चकाकत होता, आणि चालीतला प्रत्येक हेलकावा दिसत होता. कुणीतरी मागे कुजबुजलं. बेनेडिक्टचा जबडा आवळलेला क्लॅरिसला तेवढ्या अंतरावरून दिसला.

सगळ्यात पुढच्या दोन बाकांपाशी मार्सेलिना थांबली. इथून पुढे तिची पावलं. ती भावाच्या कोपरातून हात काढायला लागली... आणि निघेना. त्याने तो घट्ट धरून ठेवला होता. इतकी वर्षं जी पडू नये म्हणून जपली, तिला भर चर्चमध्ये सोडायचं त्याच्या जिवावर आलं. ऑर्गन वाजत राहिला. फादरांनी मान वर केली. अल्तारपाशी झेवियर चुळबुळला, पण सांगितल्याप्रमाणे जागचा हलला नाही.

बेनेडिक्टने मान वळवली. त्याची नजर बाकांवरून फिरली आणि क्लॅरिसवर येऊन थांबली. पंधरा दिवसांनी. त्या नजरेत राग नव्हता, नुसती भीती होती, आणि एक प्रश्न होता: चालेल?

या वेळी क्लॅरिसने ना डोळे मिटले, ना त्याच्या डोळ्यांत हरवली. तिने गाऊनकडे पाहिलं, मार्सेलिनाच्या खांद्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे बघून मान हलवली. हो. चालेल.

त्याने हात सोडला.

मार्सेलिना निघाली. एक. दोन. खांदा झुकला, घेर बाजूला सरला, पुन्हा जागेवर आला. चार. पाच. पट्टी बारीक वाजत होती, आणि आता ते सगळ्यांना ऐकू येत होतं, कारण ऑर्गनवाल्याचेही हात थांबले होते. सात. आठव्या पावलाला ती जराशी डगमगली, सबंध चर्चने श्वास धरला, आणि ती हसली. नऊ. दहा. झेवियरने हात पुढे केला आणि तिने तो असा घेतला की जणू घेतला काय, न घेतला काय, सारखंच. मागच्या बाकावर एक म्हातारी मोठ्याने रडायला लागली. बेनेडिक्ट मधल्या वाटेत तिथल्या तिथे उभा होता आणि सूटच्या बाहीने डोळे पुसत होता.

सोहळा संपला. बाहेर फोटोवाल्याची धांदल उडाली. क्लॅरिस पायऱ्यांच्या कडेला भिंतीपाशी उभी राहिली. निघून जावं, असं मनात आलं. पाय मात्र निघेनात.

"क्लॅरिस."

तो मागे उभा होता. केस विस्कटलेले, कोटावरचं फूल वाकडं.

"मी लहानपणापासून तिच्या पुढे उभा राहत आलो," तो म्हणाला. "कुणी बघू नये म्हणून. आज कळलं... तिलाही पुढचं काही दिसत नव्हतं माझ्यामुळे." तो थांबला. "तू त्या दिवशी जे सांगितलंस... की मी समोर होतो म्हणून तू बोलली नाहीस..."

"चुकले मी. कितीदा सांगू?"

"नाही, तसं नाही. ऐक ना. पंधरा दिवस मी त्याच गोष्टीवर चिडलोय. माझ्यामुळे तुझा हात चुकला, याचा राग येतोय असं मला वाटत होतं. पण खरं सांगू? मिलमध्ये बसल्या बसल्या मी हसायचो. एकटाच. खातेप्रमुखांनी विचारलं, बरा आहेस ना? कुणालातरी मी इतका आवडलो, की तिचा कधी न चुकणारा हात चुकला..."

"मग आलास का नाहीस रे?" तिचा आवाज चढला. "फाटक वाजलं की माझा जीव वरखाली व्हायचा!"

"लाज वाटली यार. तू खरं बोललीस आणि मी तोंड फिरवून निघून गेलो. कुठल्या तोंडाने येणार?"

"ह्याच. दुसरं आहे का?"

तो हसला, आणि मग हसू मावळलं आणि तो अगदी गंभीर झाला. बोलायला त्याला शब्द जुळवावे लागत होते.

"मला... फादरांशी बोलायचंय. म्हणजे आपल्या दोघांची नावं द्यायची. तीन रविवार चर्चमध्ये वाचतात ना, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून... पण आधी तुलाच विचारतो. तुझी आहे का काही हरकत?"

क्लॅरिसने त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, घाई न करता, या वेळी अक्कल जागेवर ठेवून. मग तिने हात वर करून त्याच्या कोटावरचं वाकडं फूल सरळ केलं, आणि तो हात तिथेच राहू दिला.

"फादर अजून आत आहेत," ती म्हणाली. "आणि उद्या रविवार आहे."